साहेबांची कुंडी

त्रिकोण कुंडीवर बसला आणि कुंडी फुटली.

हे वाक्य ज्यांना चमत्कारिक वाटलं, त्यांनी विद्यापीठाच्या तालवाद्यवृंदाची तालीम कधी पाहिली नसणार. त्या वृंदात माणसाला त्याच्या वाद्याच्या नावानेच हाक मारायची पद्धत होती. जोराचा वारा सुटला तर खांबाला धरून उभी राहील अशी एक किडकिडीत मुलगी तिथे मोठा ढोल वाजवायची, म्हणून ती ढोल. आणि दारातून आत येताना ज्याला जरा तिरकं व्हावं लागायचं, तो धिप्पाड गडी लोखंडी सळईचा एवढासा त्रिकोण वाजवायचा, म्हणून तो त्रिकोण. ते वाद्य तो इतक्या जपून धरायचा की कोणीतरी आपलं तान्हं बाळ पाच मिनिटं त्याच्याकडे सोपवलंय असं वाटावं.

त्रिकोण वाजवणाऱ्याचं खरं काम म्हणजे गप्प उभं राहणं. बाकीचे जीव तोडून बडवत असतात तेव्हा तो मनातल्या मनात मात्रा मोजत असतो, आणि आपली मात्रा आली की एकदाच टिंग करतो. मोजायला चुकला, तर ते टिंग भलत्याच ठिकाणी पडतं आणि सगळ्यांच्या मेहनतीवर पाणी फिरतं. त्या सकाळी तो इतका मन लावून मोजत होता की आपले पाय दुखतायत, आपण मागे सरकतोय, मागे काहीतरी बसण्यासारखं आहे आणि आपण त्यावर टेकतोय, यातली एकही बातमी त्याच्यापर्यंत पोचली नाही. कडाड् असा आवाज झाला. खापरांच्या ढिगात बसल्या बसल्या त्याने पुढच्या मात्रा मोजल्या आणि अगदी जागच्या जागी टिंग केलं.

"टिंग बरोबर पडलं ना, मॅडम?" त्याने उठता उठता विचारलं.

"टिंग बरोबर पडलं," मॅडम म्हणाल्या. "आणि तू?"

मॅडम म्हणजे वृंदाच्या प्रमुख. संध्याकाळच्या कार्यक्रमातली शेवटची रचना त्यांची स्वतःची होती आणि ती होती कुंड्यांसाठी. मातीची रिकामी कुंडी उपडी घालून वर लोकरीचा गोळा बांधलेल्या काठीने हलकेच मारलं, तर ती फार गोड बोलते, आणि प्रत्येकीचा सूर वेगळा असतो. मॅडमनी अशा कुंड्यांची एक रांगच जमवली होती. रचनेच्या शेवटी एकेक वाद्य गप्प होत जायचं आणि सगळ्यात मोठी कुंडी तेवढी उरायची. मग ती एकटीच, मध्ये पुष्कळ जागा सोडून, वाजत राहायची. फुटली ती नेमकी हीच.

"एखादी कुंडी कमी झाली तर कोणाला कळणारे, मॅडम?" झांज म्हणाली. ही झांजा वाजवायची आणि बोलायचीही त्याच आवाजात. "त्या जागी मी एक झणकारा देऊ का?"

मॅडमनी तिच्याकडे नुसतं बघितलं. झांज पहिल्यांदाच स्वतःहून गप्प बसली.

गोष्ट नुसती एका सुराची नव्हती. आज काका येणार होते. काका म्हणजे मॅडमचे यजमान. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोच्या एकाही कार्यक्रमाला हा माणूस आला नव्हता. आधी कचेरीचं काम असायचं, मग कधी सर्दी व्हायची, कधी गुडघा धरायचा. निवृत्त झाल्यावर कचेरी गेली, गुडघाही बरा झाला आणि कारणं संपली. परवा जेवताना ते आपण होऊनच म्हणाले होते, "एकदा येऊन बघतोच. तुम्ही एवढी माणसं मिळून नक्की काय बडवता ते." मॅडमच्या हातातला घास हातातच राहिला. वरवर त्या "या की," एवढंच म्हणाल्या, पण त्या दिवसापासून घरात त्या काचेच्या भांड्यांमधून चालल्यासारख्या चालत होत्या, न जाणो, काहीतरी खट्टकन होईल आणि काकांचा बेत बदलेल.

तर आता तो सूर पाहिजे होता. दुकानात जाऊन शोधायचा म्हटलं तर दिवस मोडला असता. पण अगदी तशीच दुसरी कुंडी मॅडमना पक्की ठाऊक होती. कुंभाराच्या दुकानात एक अख्खी दुपार कुंड्या वाजवत बसून त्यांनी एकाच सुराच्या दोन निवडल्या होत्या, एक वाजवायला आणि एक अडीनडीला. कुंभाराला आधी वाटलं, बाई तडे बघतायत. मग वाटलं, बाईंनाच तडा गेलाय. शेवटी तोही एक काठी घेऊन शेजारी बसला होता. अडीनडीची ती कुंडी मॅडमनी घरी बाल्कनीत ठेवली आणि चार दिवसांनी बघितलं, तर तिच्यात साहेब राहायला आले होते.

साहेब म्हणजे काकांचं निवडुंग. काका पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होते, तेव्हाच्या त्यांच्या वरिष्ठांवरून हे नाव पडलं होतं. कधी काही मागत नाहीत, कधी काही बोलत नाहीत, आणि जवळ गेलं की टोचतात. अंगठ्याएवढ्या तुकड्यापासून काकांनी साहेबांना कमरेएवढं केलं होतं. रोज दुपारी झोप झाली की ते बाल्कनीत साहेबांसमोर खुर्ची टाकून बसत. कशासाठी, हे मॅडमना कधी कळलं नव्हतं. पण मॅडम हवेत हात कशासाठी फिरवतात, हे काकांना तरी कुठे कळलं होतं?

"तू माझ्याबरोबर घरी चल," मॅडम त्रिकोणाला म्हणाल्या. "मोडलंस तू, तर उचलशीलही तूच."

घरी काका आतल्या खोलीत दुपारचे झोपले होते आणि घोरत होते. मॅडम आणि त्रिकोण पावलं न वाजवता बाल्कनीत गेले. निवडुंग कुंडीतून कसं काढतात हे दोघांनाही माहीत नव्हतं. मॅडमनी वर्तमानपत्राची घडी करून साहेबांच्या पोटाभोवती गुंडाळली आणि त्रिकोणाने कुंडी धरली. साहेब हलले नाहीत. त्रिकोणाने जरा जोर लावला तेव्हा साहेब मातीसकट अचानक बाहेर आले आणि थेट मॅडमना भेटले.

"आई गं!" मॅडम ओठ दाबून म्हणाल्या.

"टोचलं का, मॅडम?"

"नाही, गुदगुल्या झाल्या. बादली आण."

साहेबांना फरशी पुसायच्या बादलीत बसवलं, आजूबाजूला माती दाबली आणि ती बादली दोरीवर वाळत घातलेल्या चादरीच्या मागे सरकवली. मॅडमनी रिकामी कुंडी पुसली. आता सरळ निघायचं की नाही? पण तसं त्यांच्याने होईना. इतक्या वर्षांत सूर तसाच राहिला असेल का, उन्हापाण्याने बदलला असेल का? त्यांनी कुंडी उपडी केली आणि बोटाच्या पेराने एकदाच वाजवली. टंग.

सूर जसाच्या तसा होता. आतलं घोरणं मात्र थांबलं. थोड्या वेळाने घोरणं पुन्हा सुरू झालं.

"मी कुंडी घेऊन पुढे जाते," मॅडम कुजबुजल्या. "तू इथेच थांब. निघायची वेळ होईपर्यंत त्यांना बाल्कनीत जाऊ द्यायचं नाही. साहेबांना बादलीत बघितलं तर आज येणं राहील बाजूला, महिनाभर बोलायचे नाहीत माझ्याशी."

"पण मी त्यांच्याशी बोलू काय?"

"झाडांबद्दल विचार. तासन् तास बोलतील."

"मला झाडांतलं ओ की ठो कळत नाही, मॅडम."

"फारच छान. मग जास्त वेळ लागेल."

काका उठून बाहेर आले तेव्हा बाल्कनीच्या दारात एक खुर्ची होती, खुर्चीवर एक डोंगर होता आणि डोंगर हात जोडून हसत होता.

"कोण रे तू?"

"मी त्रिकोण, काका. मॅडमच्या वृंदातला."

"बरं. पण इथे काय करतोयस?"

"मला झाडांची माहिती पाहिजे होती."

काकांनी चष्मा लावून त्याच्याकडे नीट बघितलं. या बडवणाऱ्या मंडळींपैकी आजवर एकानेही त्यांना कधी काही विचारलं नव्हतं. घरी यायचे, पोहोचल्या पोहोचल्या टेबल वाजवायचे, खुर्च्या वाजवायचे, निघताना दार वाजवायचे आणि जायचे.

"कुठल्या झाडांची?"

याचा विचार त्रिकोणाने केलाच नव्हता. "हिरव्या," तो म्हणाला.

"मग चल की बाल्कनीत."

"नको! मला उन्हाचा त्रास होतो, काका."

"या वेळी तिथे सावलीच असते."

"सावलीचाही होतो."

काकांना कुतूहल वाटू लागलं. ऊन आणि सावली दोन्ही सोसत नाहीत असा माणूस त्यांनी आधी पाहिला नव्हता. ते त्याला घेऊन स्वयंपाकघरात गेले. तिथे खिडकीत एका ताटलीत साहेबांची पिल्लं ठेवलेली होती, साहेबांच्या बुंध्याशी फुटलेली, गोट्यांएवढी. काकांनी कागदी पेले आणि मातीचा डबा काढला. "हात लावल्याशिवाय झाड कळत नाही," ते म्हणाले. "घे, लाव एक."

थोड्या वेळाने सभागृहात मॅडमचा फोन वाजला. पलीकडून त्रिकोण अगदी बारीक आवाजात बोलत होता. "मॅडम, काका सारखे बाल्कनीकडे बघतायत. माझ्याकडचे प्रश्न संपले. मुळं खाली का असतात, इथपर्यंत विचारून झालं. कोणीतरी बोलकं पाठवा."

बोलकं म्हटल्यावर झांजेशिवाय दुसरं कोण? झांज गेली. ती पोचल्यापासून घरात कोणालाही बाल्कनीचाच काय, दुसरा कसलाही विचार करायला उसंत मिळाली नाही. पण बोलताना हातवारे करायची तिला सवय, आणि पुढ्यात साहेबांची पिल्लं. एका हातवाऱ्यात तिची चार बोटं एका पिल्लावर आपटली.

तिचा फोन तर सगळ्या सभागृहाला ऐकू आला. "मॅडम, काटे लागलेत! झांज धरताच येत नाहीये! आणि काका म्हणतात, काटे काढल्याशिवाय कोणाला सोडणार नाही!"

"मग काढून घे आणि ये."

"माझा नंबर त्रिकोणाच्या नंतर आहे!"

आता त्रिकोण आणि झांज दोघं अडकले म्हटल्यावर काकांना बोलण्यात गुंतवायला तिसरं कोणीतरी पाहिजे. मॅडमनी ढोलला पाठवलं. ढोल शहाणी मुलगी, कशाला हात लावणार नाही अशी त्यांची खात्री होती. ढोलने हात लावला नाहीच. तिने फक्त झांजेला धीर द्यायला तिचा हात हातात घेतला, आणि झांजेच्या बोटांतले काटे आपल्याही बोटांत घेतले.

शेवटी मॅडमनी कुंडीवालीला बोलावलं. कुंड्यांची रांग वाजवणारी ही मुलगी फार कमी बोलायची, आणि जे बोलायची ते जमिनीकडे बघून. "तू जा आणि सगळ्यांना घेऊन ये," मॅडमनी तिला बजावलं. "बसायचं नाही, काही विचारायचं नाही, कशालाही हात लावायचा नाही."

कुंडीवाली बसली नाही, हे खरं. पण भिंगातून काटे शोधणाऱ्या काकांकडे बघता बघता तिला अगदी मनापासून एक प्रश्न पडला. "काका, ही एवढे दिवस पाण्यावाचून राहतात तरी कशी हो?"

काकांनी चिमटा खाली ठेवला. दुपारपासून त्यांना पुष्कळ प्रश्न विचारले गेले होते, पण उत्तर ऐकायची इच्छा असलेला हा पहिलाच. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि एक पिल्लू मधोमध कापलं. "हे बघ. हात लावून बघ, आत कसं ओलं आहे."

इकडे सभागृहात मॅडम एकट्याच उरल्या. समोर ढोल होता, ढोल वाजवणारी नव्हती. स्टुलावर झांजा होत्या, झांज नव्हती. दिवे लावणारा माणूस शिडीवरून बराच वेळ बघत होता. शेवटी त्याने विचारलं, "मॅडम, प्रकाश कोणावर टाकायचा?"

"रिकाम्या जागेवर टाका," मॅडम म्हणाल्या आणि धावतच जाऊन गाडीत बसून घरी निघाल्या.

स्वयंपाकघराच्या दारात त्या थबकल्या. टेबलावर वर्तमानपत्रं पसरली होती, कागदी पेल्यांत साहेबांची पिल्लं ओळीने उभी होती, आणि त्यांचा वृंद टेबलाभोवती तळहात वर करून बसला होता. मधे काका, एका हातात भिंग, दुसऱ्या हातात चिमटा.

"आलीस? बस," काका मान वर न करता म्हणाले. "फार गुणी मुलं आहेत गं तुझी. ही झांज जरा कमी बोलली तर तिचा काटा पटकन सापडेल."

"अहो, कार्यक्रम! लोक यायची वेळ झाली! ही सगळी मला आत्ताच्या आत्ता पाहिजेत."

"न्यायचं असेल तर ने. पण ढोलचा अंगठा राहिलाय, झांजेची दोन बोटं राहिलीत, आणि ही शांत मुलगी आहे ना, हिला तर मी आत्ताच हातात घेतलंय." काकांनी क्षणभर विचार केला. "मीच येतो गाडीतून. वाटेत काढू."

म्हणजे काका निघाले. निघायच्या वेळेच्या आधीच निघाले आणि बाल्कनीत न डोकावता निघाले! मॅडमनी सगळ्यांना गाडीकडे पिटाळलं. गाडी विद्यापीठाची, वाद्यं नेण्याआणण्याची, तिच्यात मागे समोरासमोर बाकं होती. काका भिंग लावून एकेक हात तपासत होते, खड्डा आला की चिमटा थांबवत होते. शेवटी त्यांचं लक्ष मॅडमच्या हाताकडे गेलं.

"तुझ्या बोटाला काय झालंय?"

"काही नाही. वाजवायच्या काठीचं कुसळ गेलंय."

"बघू."

काकांनी मॅडमचं बोट धरलं, भिंग जवळ नेलं, चिमट्याने काहीतरी अलगद ओढलं आणि ते उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले. त्रिकोण छताकडे बघत काहीतरी मोजू लागला.

"काठीचं," काका म्हणाले. "असेल." आणि त्यांनी ते कुसळ रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं.

सभागृह बरंचसं भरलं होतं. वाजवणाऱ्यांचे आईवडील होते, इतर विभागांतले काही प्राध्यापक होते, आणि बाहेर उकडतंय म्हणून आत आलेलेही काही होते. काका पहिल्या रांगेत मधोमध बसले. रंगमंचावर कुंड्यांच्या रांगेवर काळं कापड टाकलेलं होतं. पहिल्या रचना सुरू झाल्या तसे काका खुर्चीच्या टोकाशी आले. त्यांना त्रिकोणाचं फार नवल वाटत होतं. एवढा मोठा माणूस इतका वेळ नुसता उभा राहतो आणि त्याला वाजवायची वेळ कळते कशी? मग त्याचे ओठ हलताहेत हे त्यांना दिसलं, आणि तेही बोटांच्या पेरांवर मोजायला लागले. त्याचं टिंग आणि काकांचं पेर एकदम आलं तेव्हा काकांनी शेजारच्या अनोळखी गृहस्थांना अभिमानाने कोपर मारलं.

मग शेवटची रचना आली आणि कापड निघालं.

मॅडमची पाठ प्रेक्षकांकडे होती. काका त्यांना दिसत नव्हते, पण काकांचा चेहरा कसा झालाय ते त्यांना वृंदाच्या चेहऱ्यांवर स्वच्छ दिसत होतं. झांजेने डोळे मिटून घेतले. ढोल ढोलाच्या मागे जितकी लपता येईल तितकी लपली. मॅडमनी छातीवर दगड ठेवला आणि हात उचलले.

वादन मात्र सुरेख झालं. बोटं दुखत होती म्हणूनच की काय, सगळे नेहमीपेक्षा हलक्या हाताने वाजवत होते. ढोल लांबवर कुठेतरी वाजल्यासारखा वाजला. एकेक वाद्य गप्प होत गेलं. त्रिकोणाने शेवटचं टिंग केलं, तेही विरलं. आता फक्त मोठी कुंडी उरली.

कुंडीवालीने काठी उचलली. मॅडमनी खूण केली. काठी खाली येईना.

मॅडमनी पुन्हा खूण केली. कुंडीवाली त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती त्यांच्या खांद्यावरून पलीकडे, पहिल्या रांगेत बघत होती. ज्या माणसाने तासाभरापूर्वी आपल्या अंगठ्यातला काटा फुंकर घालत काढला, त्याच्या साहेबांचं घर त्याच्या डोळ्यांदेखत बडवायचं? मॅडमना आपल्या मानेवरून घामाचा थेंब खाली जाताना कळला. संपलं, त्यांच्या मनात आलं. सूरही गेला आणि माणूसही गेला.

तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

"अगं, मार ना! मारायलाच नेलीये ना ती?"

काठी खाली आली. टंग.

दुपारी बाल्कनीत वाजला तोच सूर, पण इथे त्याला मोठी जागा मिळाली होती. तो वर गेला, छताखाली जरा फिरला आणि सावकाश विरला. कोणी खोकलंसुद्धा नाही. कुंडीवालीने काकांकडे बघितलं, काकांनी मान डोलावली, आणि तिने पुन्हा मारलं. मॅडमच्या हातांकडे तिचं लक्षच नव्हतं. शेवटचे सगळे ठोके तिने पहिल्या रांगेकडे बघून वाजवले आणि मॅडमनी मुकाट्याने आपले हात त्या ठोक्यांच्या मागोमाग हलवले. शेवटचा सूर संपला. लोक अजून श्वास धरून होते.

"झालं?" काकांनी मोठ्याने विचारलं, आणि मग टाळ्यांचा जो कडकडाट झाला त्यात झांजेच्या झांजाही ऐकू आल्या नसत्या.

लोक पांगल्यावर मॅडम खाली आल्या. काका खुर्चीतच होते.

"तुम्हाला कधी कळलं?"

"झोपेत मला काहीतरी ऐकू आलं. टंग असं, एकदाच. जाग आली, पण वाजलं काय ते कळेना, आणि पुन्हा डोळा लागला. उठून बाहेर येतो तर दारात हा डोंगर. तो तोंड धुवायला गेला तेव्हा बाल्कनीत डोकावलो. साहेब बादलीत."

"मग बोललात का नाही?"

"बोलणार होतो. जाम चिडलो होतो. तेवढ्यात दुसरी आली. मग तिसरी. म्हटलं, बघू तरी, ही एकंदर किती पाठवते." काकांनी भिंग रुमालाने पुसलं. "आणि ती शांत मुलगी किती चांगलं विचारते गं. या घरात मला इतकं कोणी कधी विचारलं नव्हतं."

हे खरंच होतं, आणि मॅडमना त्याचं वाईट वाटलं. पण इतकी वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न विचारल्यावाचूनही त्यांना राहवेना. "आणि कार्यक्रम? कसा वाटला?"

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. "ते सुरुवातीचं सगळं मला काही कळलं नाही," ते म्हणाले. "पण एवढं सगळं गप्प झाल्यावर ती एकटी वाजत राहते ना, तिथे मला एकदम गलबलून आलं. ते कोणी लिहिलंय?"

"मी," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमना जाग आली ती आवाजाने. टुक. मग टक. मग जरा वेळाने एक बद्द, आणि कोणीतरी चुकचुकल्याचा आवाज. त्या उठून बाल्कनीत गेल्या आणि दारातच खिळल्या. बाल्कनीतली यच्चयावत झाडं वर्तमानपत्रांवर आडवी पडली होती, मुळं उघडी, मातीचे ढीग चहूकडे. रिकाम्या कुंड्या उपड्या घालून ओळीने मांडल्या होत्या, आणि काका हातात लाकडी डाव घेऊन त्यांच्यासमोर मांडी घालून बसले होते.

"अहो! हे काय आरंभलंय? झाडं मरतील ना ती!"

"शू," काका म्हणाले आणि त्यांनी हात वर केला. डाव कुंडीवर आपटला, त्यांनी कान जवळ नेला आणि आवाज पुरता विरेपर्यंत तसेच थांबले. "मातीत गाडून ठेवलं होतं गं यांना. इतकी वर्षं काही बोलूच दिलं नाही. ही बघ, ही कशी बारीक बोलते. तुझ्या रांगेत अशी आहे का?"

"नाही," मॅडमच्या तोंडून निघून गेलं. खरंच नव्हती.

"मग? पुढचा कार्यक्रम कधी आहे?"

मॅडमनी कुंड्यांकडे बघितलं, मग मुळं वर करून पडलेल्या त्या झाडांकडे बघितलं. घरातली एकुलती एक बादली साहेबांनी अडवली होती. या सगळ्यांना आता कशात बसवायचं? त्यांनी बाह्या वर सारल्या आणि पातेली शोधायला त्या लगबगीने आत गेल्या.

"अगं," मागून काकांची हाक आली, "जे पातेलं आणशील ते आधी वाजवून बघ."